पोरांच्या वादन मंडळाचा महिन्याचा खर्च जोडधंद्यातून कसा काढायचा

गणपतीला वर्गणी जमते, शिवजयंतीला जमते, चौदा एप्रिलला जमते, अन मधल्या महिन्यांत मंडळाच्या खात्यावर काहीच नसतंय. पण खोलीचं भाडं दर महिन्याला असतंय, लाइटबिल असतंय, शिकवायला येणाऱ्या उस्तादांचं मानधन असतंय, अन त्यात ऐन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पखवाजाची पुडी (तोंडावरचं चामडं) फुटती. मराठवाड्यात ढोल-ताशा, हलगी, लेझीम, हरिपाठ-पावली शिकवणारी पोरांची मंडळं कमी नाहीत, पण बरीच दोन-तीन वर्षांत बंद पडतात अन कारण बहुतेक वेळा पोरांचा उत्साह नसतो, भाडं थकलेलं असतं. म्हणून जोडधंद्याचा विषय सविस्तर लिहितोय, कारण हे नीट केलं तर तालुक्याच्या गावातलं मंडळसुद्धा स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं, हे मी मनापासून मानतो.

आधी वही घ्या अन खर्चाचे दोन भाग करा. एक दर महिन्याला येणारा (भाडं, लाइट, मानधन, डिझेल, छोटी दुरुस्ती) अन दुसरा कधीतरी येणारा मोठा (नवीन वाद्यं, ड्रेस, बाहेरगावची स्पर्धा). जोडधंदा पहिल्या भागासाठी, वर्गणी अन देणगी दुसऱ्या भागासाठी. ही वाटणी पहिल्या दिवशीच ठरवा. लोक नव्या ढोलासाठी आनंदानं पैसे देतात, लाइटबिलासाठी कुणी देत नाही. समजा तुमचा महिन्याचा खर्च ९,००० रुपये आहे, तर जोडधंद्याचं टार्गेट तेवढंच, वर्षाला १ लाख ८ हजार. त्याच्या मागं लागून लाखो कमवायचं स्वप्न बघायचं नाही, कारण मग रियाज मागं पडतो अन मंडळ कशासाठी काढलं तेच पोरं विसरतात.

आता धंदा कोणता? माझं स्पष्ट मत असं की पोरांचे हात अन कान जे आधीच शिकलेत त्यातूनच निघणारा धंदा घ्या. मोमोजचा गाडा, मोबाइल कव्हर, टी-शर्ट प्रिंटिंग असलं काहीबाही सुचवणारे लई भेटतात, पण त्या धंद्यात आधीच माणसं उतरलेली असतात अन तुमच्याकडं त्यांच्यापेक्षा वेगळं काहीच नसतं.

माझ्या मते सगळ्यात चांगला धंदा वाद्यदुरुस्तीचा. जवळपास प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, देवळात एक मृदंग, एक पेटी (हार्मोनियम), टाळ असतातच, अन त्यातली निम्मी वाद्यं कायम आजारी असतात. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळीशीच्या वर जातो, चामडं आवळून फुटतं, पेटीचे सांधे उघडतात, अन पावसाळा लागला की ओल धरून तीच पुडी सैल पडते, आवाज बसतो. दुरुस्तीला मोठ्या गावाला न्यायचं म्हणलं की एक माणूस, एक अख्खा दिवस, अन वाद्य आठ-पंधरा दिवस तिकडंच. तुम्ही गावोगाव जाऊन वाद्य गोळा केलं अन ठरल्या तारखेला परत दिलं तरी लोक पैसे देतात. आषाढीच्या आधी अन श्रावणातल्या सप्ताहांच्या आधी हे काम जास्त येतं, तर त्याच्या महिनाभर आधी सरपंचांना, भजनी मंडळाच्या बुवांना फोन करून ठेवा.

शिकायचा क्रम असा ठेवा. सुरुवातीला वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) ओढणं, गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) बसवणं, तयार पुडी चढवणं, टाळाची दोरी बदलणं, पेटीच्या भात्याला ठिगळ लावणं, आतली धूळ काढून अडकलेला सूर (आवाज देणारी पितळी पट्टी) मोकळा करणं, एवढंच. पुडीला शाई (मधला काळा लेप) भरणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे, ते दोन महिन्यांत येत नसतंय, त्याला हात लावू नका, पुडी तयारच आणा. पेटीचे सूर घासायचं काम पण सुरुवातीला घेऊ नका. पितळी पट्टी टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो, ऐकायला सोपं वाटतं, पण घासलेली धातू परत येत नाही अन दुसऱ्याची पेटी कायमची बिघडते. हे सगळं जाणकाराच्या हाताखाली बसून शिका अन त्यांना शिकवायचे पैसे द्या. चामड्याचं काम, हलगी, संबळ हे आपल्याकडं काही घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या, लई हाल सोसून जपलंय, त्यांच्याकडून फुकट शिकून त्यांच्याच गिऱ्हाईकाला निम्म्या रेटमध्ये काम करून देणं हे चुकीचं आहे, संस्थेच्या नावाखाली तर अजिबात करू नये. रेट त्यांच्याएवढाच ठेवा, अन जे काम तुम्हाला जमत नाही ते त्यांच्याकडं पाठवा. वाजवायची सुपारी (ऑर्डर) घेताना पण हाच नियम. लग्नात हलगी वाजवून ज्यांचं घर चालतं त्यांचा रेट पाडून ऑर्डर घ्यायची नाही.

दुसरा धंदा साउंड भाड्यानं द्यायचा. अखंड हरिनाम सप्ताह म्हणलं की पहाटेचा काकडा, दिवसभर पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, सात दिवस माईक चालू अन शेवटी काला. गावाला डीजे नको असतो, शिट्टी न मारणारा साधा सेट अन तो सांभाळणारा माणूस पाहिजे असतो. मृदंगाला माईक कुठून लावायचा, पेटीचा आवाज किती ठेवायचा, कीर्तनकारांचा शब्द स्वच्छ कसा ऐकू येईल हे वाजवणाऱ्या पोरांना जेवढं कळतं तेवढं नुसत्या साउंडवाल्याला कळत नाही, तुमची ताकद इथं आहे. भाव काढताना घसारा (वापरानं दरवर्षी कमी होणारी सेटची किंमत) धरा, बरीच पोरं हाच धरत नाहीत. समजा सेट ८०,००० चा आहे, पाच वर्षं टिकणार, तर वर्षाला १६,००० झाले, वर्षात ४० ऑर्डर धरल्या तर प्रत्येक ऑर्डरमागं ४०० रुपये नुसता घसारा. त्यावर गाडीभाडं, सोबत जाणाऱ्याची मजुरी, वायर-पिन तुटल्याचे काहीतरी, अन मग मंडळाचा नफा. हे न धरता भाव सांगितला तर पाचव्या वर्षी सेट भंगारात जातो अन नवीन घ्यायला पुन्हा वर्गणीच. स्पीकर लावायची पोलीस स्टेशनची परवानगी कार्यक्रम ठेवणाऱ्यानं काढायची हे पावतीवरच लिहा, अन रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम साल २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आहे, त्यात गावपुढाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, गुन्हा तुमच्यावर पडतो.

हुरड्याचा सीझन हा तिसरा, अन आपल्या भागाचा खास. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ज्वारी हुरड्याला येते, शहरातली माणसं गाड्या भरून शेतात येतात. मंडळातल्या एखाद्या पोराच्या घरचं शेत असेल तर आगटी (हुरडा भाजायचा विस्तवाचा खड्डा), गोवऱ्या, शेंगदाण्याची अन तिळाची चटणी, दही, गूळ, अन वर तासभर पोरांचं गाणं-वादन, यात तुमचा हुरडा शेजारच्या हुरड्यापेक्षा वेगळा ठरतो. माईक लावू नका, शेतात विनामाईक संबळ अन तुणतुणं जे वाजतं ते ऐकून माणसं पुढच्या वर्षी चार घरं सोबत घेऊन येतात. पण एक करा, ज्वारी पेरतानाच शेतकऱ्याशी किती गुंठे हुरड्याला ठेवायचे अन त्याचा दर काय ते बोलून घ्या, अन पेरा एकदम न करता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं करायला सांगा म्हणजे कोवळं कणीस जास्त दिवस मिळतं. खाद्यपदार्थ विकताय म्हणल्यावर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, काढून ठेवा.

क्लासचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक जण करतातच. उन्हाळी सुट्टीत पेटी, तबला, हरिपाठाची पावली चालतं. फक्त फी घ्यायची वेळ बघा. जूनमध्ये बी-बियाणं, खत, शाळेच्या वह्या, घरात पैसाच नसतो. सोयाबीन-कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास वर्षाची फी मागितली तर घरचे न कुरकुरता देतात. ज्या साली पाऊस दगा देतो त्या साली लग्नाच्या ऑर्डरी पण कमी होतात अन फी पण थकते, म्हणून चांगल्या वर्षातून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायलाच पाहिजे. दुष्काळाच्या वर्षी फी भरता येत नाही म्हणून कुठलंच पोरगं घरी बसवू नका.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथंच मंडळं अडकतात, तर नीट वाचा. आपल्याकडं संस्था बहुतेक वेळा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली (किमान सात सभासद लागतात) अन सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. संस्थेनं धंदा करूच नये असं नाही, पण अटी आहेत. धंदा संस्थेच्या उद्देशाला धरून पाहिजे अन त्याचे हिशोब वेगळे लिहिलेले पाहिजेत, तरच आयकरातली सूट टिकते. दुसरं म्हणजे कलेचा प्रसार हा उद्देश बहुतेक वेळा ‘सर्वसाधारण सार्वजनिक उपयोग’ या गटात धरला जातो, अन त्या गटाला धंद्यातून येणारी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. वर्षाला एकूण ५ लाख जमा झाले तर त्यात धंद्याचे १ लाखापर्यंत. अन हे लक्षात घ्या की इथं नफा नाही, पूर्ण जमा मोजतात. हुरड्यात ८०,००० आले अन ६०,००० खर्च झाले तरी ८०,०००च धरणार. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळं जुन्या कागदावरून नकला मारू नका, धर्मादाय संस्थांचं काम करणाऱ्या सीएकडं एकदा जाऊन तुमचा गट कोणता, फीची जमा कशात धरायची, हे विचारून घ्या. ती फी वाचवू नका.

म्हणून व्यवहारात असं करा. दुरुस्ती अन शिकवणी हे उद्देशाच्या जवळचं, ते संस्थेत ठेवा, मर्यादेत ठेवा. साउंड अन हुरडा बाहेर काढा. हुरड्याचं जेवण पोरांच्या आयांचा बचत गट करू शकतो, ‘उमेद’ या सरकारी अभियानातले गट गावागावात आहेतच, साउंड दोन-तीन मोठी पोरं भागीदारीत करू शकतात, अन ते संस्थेला बँकेतून देणगी देतील. किती टक्के देणार ते लिहून घ्या, तोंडी ठेवू नका, नात्यातला माणूस असला तरी. बाहेरच्या धंद्यात संस्थेचा पैसा गुंतवायचा नाही, विश्वस्तांना ते करता येत नाही, अन धर्मादाय कार्यालयात आधी विचारल्याशिवाय संस्थेच्या नावावर कर्ज पण काढू नका. विश्वस्तांना किंवा त्यांच्या घरच्यांना संस्थेतून वाजवीपेक्षा जास्त पैसे गेले तर सूट जाऊ शकते, म्हणून अध्यक्षांच्याच मेव्हण्याकडून सेट भाड्यानं घ्यायचा असेल तर आधी बाकीच्या दोघांचे भाव लेखी मागवून ठेवा. देणगी रोख घेतली तर ८०जी ची (देणगीवरची आयकरातली) सवलत देणाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच मिळत आली आहे, तर यूपीआय किंवा चेकच घ्या. जीएसटीचं फार टेन्शन घेऊ नका, नुसत्या सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या खाली असेल तर नोंदणी लागत नाही.

पोरांच्या पैशाचं मात्र आधीच ठरवा. १०,००० ची ऑर्डर आली तर आधी गाडीभाडं काढा, उरलेल्यात निम्मे वाजवणाऱ्यांना, चाळीस टक्के मंडळाला, दहा टक्के वाद्याच्या फंडाला, असा काहीतरी हिशोब सगळ्यांसमोर ठरवून खोलीत लावून ठेवा. पोरांना काहीच न देता ‘संस्थेसाठी वाजवा’ म्हणायचं हे वर्षभर चालतं, नंतर चांगली वाजवणारी पोरं दुसऱ्या पथकात जातात, अन मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. १४ वर्षांखालच्या लेकरांना कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे, त्यांना आगटीवर, साउंडच्या वायरीवर, दुरुस्तीच्या कामावर बसवायचं नाही, त्यांनी फक्त शिकायचं अन मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचं. दहावी-बारावीच्या पोरांना जानेवारी ते मार्च ऑर्डर नको. पोरींना रात्रीच्या ऑर्डरीला न्यायचं असेल तर सोबत एक आई किंवा ताई अन परतीची गाडी आधी ठरलेली, नाहीतर ती ऑर्डर घेऊच नका.

शेवटचं कामाचं. हिशोबाला दोन वह्या, दोन क्यूआर कोड. एक संस्थेचा, एक बाहेरच्या धंद्याचा. लिहायचं काम एका पोरीकडं अन तपासायचं दुसऱ्याकडं द्या, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रियाज सुरू व्हायच्या आधी आकडे मोठ्यानं वाचून दाखवा. त्याच वेळी हजेरी पण वाचा. लागोपाठ दोन महिने ऑर्डरीमुळं रियाजाची हजेरी घसरत असेल तर पुढच्या महिन्यात नवीन ऑर्डर घ्यायची नाही, असं ठरावाच्या वहीत आत्ताच लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा, कारण लग्नसराईत पैसे समोर दिसत असताना ते कुणालाच सुचत नाही.