डाएटिशियन व्हायचंय, पण स्वतःचंच वजन जास्त आहे? माझा अनुभव

एमएस्सीला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा माझं वजन 84 किलो होतं, उंची 5 फूट 2 इंच. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जवळजवळ 34, आणि आपल्याकडे 25 च्या पुढे लठ्ठच धरतात, त्यामुळे तो चॅप्टर शिकवताना मी मान खाली घालून बसायचे.

मी जिथे फसले ते नीट सांगते. पहिल्याच प्रॅक्टिकलला स्वतःचा 24 तासांचा रिकॉल, म्हणजे गेल्या दिवसभरात काय काय खाल्लं ते आठवून, लिहायचा होता. मी चार पोळ्यांच्या दोन केल्या, संध्याकाळी येताजाता डब्यातून उचललेले शेंगदाणे लिहिलेच नाहीत, तेल 2 चमचे. बेरीज आली 1150 कॅलरी, मॅडमनी सही पण केली. खोटं लिहिलं ते एक, पण खरा घोळ हा की त्या आकड्यावर माझाच विश्वास बसला. एवढं कमी खाऊन वजन हलत नाही म्हणजे मेटाबॉलिझमच खराब, असं धरून मी त्यातून अजून कमी करायला गेले, दुपारचा डबा बंद केला, आणि मग रात्री 11 ला लाइट न लावता ओट्याशी उभं राहून भाकरी, तूप, गूळ. वर्षभर हेच चाललं. 84 चे 89 झाले.

शेवटी आईला विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? चार माणसांना 4 लिटर. म्हणजे माणशी रोजचं 33 मिली, साधारण 270 कॅलरी. मी लिहिल्या होत्या 90. हा फक्त तेलाचा फरक!

म्हणून कळकळीने सांगते, स्वतःचा रिकॉल एकदा तरी खरा लिहा, कुणाला दाखवू नका हवं तर. आणि रात्रीचं खाणं हाताबाहेर जात असेल तर नवीन डाएट चार्ट करू नका, काउन्सेलरकडे जा. मी उशिरा गेले.

इंटर्नशिपला एका सीनियरने तोंडावर सांगितलं, आधी तू बारीक हो. अशा माणसाला मेंटॉर करू नका, कितीही हुशार असू दे. आणि सहा आठवड्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून कोच होऊ नका प्लीज, हॉस्पिटलची सहा महिन्यांची इंटर्नशिप करा, आरडीची (रजिस्टर्ड डाएटिशियनची) परीक्षा द्या. त्यात तुमचं वजन कुणी विचारत नाही. वॉर्डमध्ये नाकातल्या नळीतून द्यायच्या फीडचा हिशोब करताना, किडनीच्या पेशंटच्या घरच्यांना भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगताना, तुमच्या कंबरेकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

ओपीडीत मात्र बोलतात, आणि लागतं, अजूनही लागतं. आज मी 81 आहे.

परवा शुगरच्या एक काकू आल्या. "दोनच पोळ्या खाते हो." मी म्हटलं, काकू, येताजाता काय तोंडात टाकता? मी शेंगदाणे टाकते. त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "फरसाण. पण बाहेर सून बसलीये, तिला नका सांगू."