वादळाने पत्रे उडाले तर घरविम्याचा दावा कसा करावा

मे-जूनमध्ये वळवाचे वावधन सुटले की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा भागात माणूस आधी केळीच्या बागेकडे धावतो. घराकडे वळेपर्यंत शेजाऱ्यांनी पत्रे गोळा केलेले असतात, बरे होते ते पुन्हा ठोकलेले असतात आणि वाकलेले भंगारवाल्याच्या गाडीत चढलेले असतात. घरविम्याचा दावा तिथेच कमजोर होतो. छप्पर वाऱ्याने गेले की आधीच गंजून कुजले होते, हाच या दाव्यातला खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या मोडक्या पत्र्यांवरच असते.

केळीच्या हवामान आधारित विम्याची सवय इथे कामाला येत नाही. तिथे महसूल मंडळाच्या हवामान केंद्रातल्या नोंदींवर बरेच काही ठरते. घरविम्यात तुमच्या घराचे प्रत्यक्ष नुकसान मोजतात आणि ते दाखवायची जबाबदारी तुमची असते.

पहिले काही तास

पत्रा विजेच्या तारेवर पडला असेल तर त्याला हात लावू नका. मेन स्विच पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. मग फोटो काढा, आणि काहीही हलवायच्या आधी काढा. आधी रस्त्यावरून पूर्ण घर, त्यात शेजारचे घर किंवा पडलेले झाड दिसू द्या. मग आतून वर उघडे पडलेले छप्पर, उडून गेलेले पत्रे जिथे पडले ती जागा, आणि शेवटी जवळून बारकावे.

या बारकाव्यांवर वेळ घालवा. वाऱ्याने उचललेल्या पत्र्यात स्क्रूचे किंवा जे-हुकचे भोक लांबट फाटलेले असते, हुक सरळ झालेला किंवा वाकलेला असतो, अँगलची पर्लिन (पत्रे ज्यावर टेकतात तो आडवा लोखंडी दांडा) पिळवटलेली असते. गंजाने गेलेल्या पत्र्यात भोकाभोवती पत्रा कागदासारखा पातळ होऊन झडलेला दिसतो. नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर हाच फरक पाहतो, म्हणून फाटलेल्या भोकाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचे नाव आणि जाडी छापलेली असेल तर तीही टिपा, म्हणजे ०.५० मिमीचा पत्रा दाव्यात ०.३५ चा होणार नाही. सिमेंटचा पत्रा फुटला असेल तर तुकडे जागेवरच राहू द्या.

फोटो झाले की लगेच ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीतलीच अट आहे. ‘सर्व्हे झाल्याशिवाय हात लावायचा नाही’ असे म्हणत धान्य भिजू दिले तर त्या भिजलेल्या धान्यावर कंपनी बोट ठेवते. ताडपत्री, दोर, मजुरी यांच्या पावत्या ठेवा. कायमची दुरुस्ती मात्र थांबवा आणि मोडके पत्रे एका बाजूला रचून ठेवा. त्यांची भंगार किंमत दाव्यातून वजा होते, पण ते दिसलेच नाहीत तर पत्र्यांच्या संख्येवरच वाद होतो.

कळवणे आणि कागद

त्याच दिवशी टोल फ्री क्रमांकावर किंवा अ‍ॅपवर कळवा, दावा क्रमांक लिहून घ्या आणि तेच ईमेलनेही पाठवा. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवले, असे होत नाही. कारण लिहिताना ‘वादळी वाऱ्याने पत्रे उडाले, उघड्या छतातून पाऊस आत आला’ असे लिहा. नुसते ‘पावसाने घर गळाले’ लिहिले की दावा ओल आणि गळतीकडे सरकतो, आणि जुनी गळती विम्यात बसत नाही.

हीच शब्दांची काळजी तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, पंचनाम्यातही घ्या. तारीख, वेळ, वारा, उडालेल्या पत्र्यांची संख्या आणि पंचांच्या सह्या त्यात हव्यात. तहसीलची मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपत्ती निकषात किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये मिळतात, त्यातून दहा-बारा पत्रेही येत नाहीत. पण तो पंचनामा विम्याच्या फाइलमध्ये वजनदार पुरावा ठरतो. त्या दिवसाच्या स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रणही जोडा.

बाकी कागदांत पॉलिसी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) किंवा मिळकत पत्रिका, बँक पासबुक आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक. खेड्यात हमखास अडते ते नावावर: पॉलिसी मुलाची, नमुना ८ वर अजून वडील किंवा आजोबा. वारस नोंद वादळाआधीच करून ठेवा. गृहकर्ज असेल तर कर्जाची फाइल उघडून पाहा, बँकेने विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणाला माहीतही नसते. अशा पॉलिसीत बँकेचे नाव असल्याने पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, तेव्हा बँकेचे पत्र लवकर मागून ठेवा.

सर्व्हे आणि हिशोब

अंदाजपत्रक ठोक रकमेचे नको. पत्र्यांची संख्या, लांबी, जाडी, स्क्रू व रबर वॉशर, पर्लिनचे मीटर, मजुरी, वाहतूक असे वेगळे मांडा. रुंदी मोजताना एकावर एक चढलेला भाग धरा, नाहीतर दोन-तीन पत्रे कमी भरतात. सर्व्हेअर आला की सोबत फिरा, पत्रे एकत्र मोजा, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, सौर पॅनल, कुंपणभिंत विसरू नका. त्याची फी कंपनी देते, तुम्ही काही द्यायचे नाही.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात वादळ, वीज, पूर येतात. घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण मिळते. मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत रक्कम असते. विमा कमी रकमेचा होता म्हणून त्या प्रमाणात दावा कापता येत नाही आणि इमारतीवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लावायचा नसतो. तरीही सर्व्हेअरने तो लावला तर पॉलिसीतले कलम दाखवून लेखी हरकत घ्या. तुम्ही स्वतः ०.३५ ऐवजी ०.५० चा पत्रा टाकलात तर वरचा फरक मात्र तुमचाच.

धाब्याच्या घरांसाठी वेगळी सूचना. लाकडी फळ्यांचे छत कच्च्या बांधकामाच्या व्याख्येत येते. अर्जात ‘पक्के’ लिहून पुढे दावा नाकारून घेण्यापेक्षा, माती-फळ्यांचे छत चालते का ते पॉलिसी घेतानाच लेखी विचारा.

दावा अर्ज ३० दिवसांच्या आत द्या. सर्व्हेचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय, ही कंपनीवरची मुदत आहे. अहवालाची प्रत मागा. रक्कम कमी वाटत असेल तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर मुकाट सही करू नका, हरकत नोंदवून करा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. खान्देशसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, दाव्याच्या रकमेची मर्यादा ५० लाखांपर्यंत आणि फी नाही. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.