बाळाची चाहूल लागलेल्या घरात उपासना वर्ष कसं पाळावं

मुलांचं शिक्षण घरीच चालू असेल आणि त्यात पुढचं बाळ येणार असेल, तर एक सल्ला हमखास मिळतो: ‘बाळंतपणाआधीच वर्षभराच्या सणांचं साहित्य कापून, चिकटवून, डबे भरून ठेवा.’ तो ऐकू नका. भरलेले डबे बाळंतिणीच्या खोलीबाहेर तसेच पडून राहतात आणि येता-जाता टोचत राहतात. उपासना वर्ष, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सणांचं आणि काळांचं वर्षभराचं चक्र, दरवर्षी आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, पुन्हा सुरू होतं. यंदा संत निकोलसचा सण राहिला तर काही बिघडत नाही.

साहित्य

एक छोटं टेबल, क्रूस, बायबल, बिनवासाची मेणबत्ती आणि काळाप्रमाणे आणि सणाप्रमाणे बदलायची चार रंगांची कापडं: जांभळं, पांढरं, हिरवं, लाल. गुलाबी कापड वर्षातून दोनच रविवारी लागतं, ते शिवत बसू नका. धूप, लोबान आणि उग्र वासाची फुलं पहिले तीन महिने तरी घरात नकोत. मळमळणाऱ्या आईला प्रार्थनेच्या टेबलाजवळ बसवत नसेल, तर त्या टेबलाचा उपयोग काय?

आधी कॅलेंडरवर पट्टा मारा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक आधी सण निवडतात आणि मग त्यात बाळंतपण बसवायला बघतात. उलटं करा. डॉक्टरांनी दिलेली तारीख कॅलेंडरवर लिहा. तिच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे पेन्सिलीने रंगवून टाका. आधीचे तीन अशासाठी, की सदतिसाव्या आठवड्यानंतर बाळ कधीही येऊ शकतं. नेमक्या तारखेला येणारी बाळं थोडीच. हा नऊ आठवड्यांचा पट्टा. यात कात्री, गोंद, ओव्हन किंवा पाहुणे लागतील असं काहीही ठरवायचं नाही.

पट्ट्यात तीनच गोष्टी चालू राहतात. ज्याला जमेल त्याने रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), काळ बदलला की टेबलावरचं कापड बदलणं, आणि रात्री एक मेणबत्ती लावून एक प्रार्थना. आजारपण किंवा तान्ह्या बाळाची देखभाल हे रविवारची मिस्सा चुकण्याचं रास्त कारण आहे, असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथच सांगतो (परिच्छेद २१८१). तेव्हा दहा दिवसांच्या बाळंतिणीने चर्चमध्ये उभं राहून शौर्य दाखवू नये.

हे तिन्ही एका पुठ्ठ्यावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कापड कुठल्या खणात, काडेपेटी कुठे, पेटवायचं कोणी, विझवायचं कोणी, सगळं नावानिशी. मग तो पुठ्ठा वाचा. त्यावर ‘आईला विचार’ असं एकदा जरी आलं, तर फाडा आणि पुन्हा लिहा. काडी मोठ्या माणसाने ओढायची. बाकी सगळं सात-आठ वर्षांच्या मुलाला न विचारता जमलं पाहिजे. आई झोपलेली असताना, वडील बाळाचं दुपटं बदलत असताना जे आपोआप होतं तेच टिकतं. सणांची हौस बहुतेक घरांत एकट्या आईच्या अंगावर असते. ती आडवी पडली की सगळं ठप्प. योजना चुकते ती इथे, सण कमी-जास्त निवडल्याने नाही.

झोप न झालेली माणसं मेणबत्ती विसरतात, हेही धरून चाला. नियम एकच: जो शेवटचं ‘आमेन’ म्हणेल त्याने तिथल्या तिथे फुंकर मारायची. रात्री पाजताना उजेड हवा असेल तर बॅटरीची मेणबत्ती वापरा. घरच्या प्रार्थनेत तिला कसलीही मनाई नाही.

पट्टा कुठे पडला त्यावरून

*आगमनकाळ आणि नाताळ.* आगमनचक्र म्हणजे गोलात मांडलेल्या चार मेणबत्त्या, दर रविवारी एक वाढवत लावायच्या: तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची, चौथ्या नाही. ही चूक दरवर्षी दिसते. दुसरी तक्रार अशी, की पहिली मेणबत्ती नाताळच्या आधीच संपते. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा. रोज दहा मिनिटंच लावली तर पहिली मेणबत्ती जास्तीत जास्त २८० मिनिटं जळते, पाच तासही नाही. अख्खं जेवण होईपर्यंत जळत ठेवली तर ती संपणारच. हिरव्या फांद्या दोन-तीन आठवड्यांत वाळून कोळ होतात आणि चटकन पेट घेतात, म्हणून या वर्षी त्या नकोतच. स्टीलच्या ताटात वाळू घालून चार मेणबत्त्या रोवा, झालं.

२५ डिसेंबरला तुम्ही इस्पितळात असाल, तर नाताळ हुकला असं समजू नका. नाताळचा अष्टक, म्हणजे आठ दिवसांचा सण, १ जानेवारीपर्यंत चालतो, आणि नाताळकाळ त्याही पुढे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. गव्हाणीतला बाळ येशू त्यातल्या कुठल्याही संध्याकाळी ठेवा.

*प्रायश्चित्तकाळ.* म्हणजे ईस्टरआधीचे आठवडे. उपवासाचा नियम वयाची १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, मांसवर्ज्याचा १४ पूर्ण झाल्यापासून पुढे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला उपवासातून मोकळीक आहे. मोकळीक म्हणजे मोकळीक. ‘मग मी निदान दूध सोडते’ असली भरपाई करू नका. मुलांना चाळीस चौकोनांचे त्यागाचे तक्ते देऊ नका, दुसऱ्या आठवड्यात ते मागे पडतात. प्रत्येकाने एकच गोष्ट सोडावी. क्रुसाच्या वाटेचे (येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेचे) चौदा टप्पे एका बैठकीत पोटुशीला झेपत नाहीत. दर शुक्रवारी दोन किंवा तीन घ्या, तेही बसून.

पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि पुनरुत्थानाची जागरणविधी यांना जाणं चांगलं, पण बंधनकारक नाही. रात्रीच्या लांब विधीपेक्षा ईस्टरच्या रविवारची सकाळची मिस्सा बरी. ईस्टरचा काळ ५० दिवसांचा आहे, तिथेही घाई नाही.

*सामान्य काळ.* या काळांबाहेरचे वर्षातले उरलेले आठवडे. नशीबवान आहात. हिरवं कापड घाला आणि विसरून जा.

पट्ट्याबाहेर: महिन्याला एक

एकच. दोन नाहीत. गरोदरपणाला जवळचे सण निवडले तर वेगळा धडा तयार करावा लागत नाही, कारण बरंचसं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. २५ मार्चला देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला. तिथून २५ डिसेंबरपर्यंत नऊ महिने, मुलांना बोटांवर मोजू द्या. देवदूत सांगतो की एलिझाबेथला सहावा महिना आहे. मग तिच्या मुलाचा, योहानाचा, जन्म कधी? उत्तर २४ जूनला मिळतं. ३१ मेला मरियेने एलिझाबेथची घेतलेली भेट: लूक १:३९-४५ मोठ्या मुलाने वाचावं आणि पोटातलं बाळ केव्हा हालचाल करतं ते आईला विचारावं. हाच त्या दिवसाचा जीवशास्त्राचा तास. २६ जुलै येशूच्या आजी-आजोबांचा, संत योआकिम आणि अन्ना यांचा. १६ ऑक्टोबरला संत जेरार्ड मायेला, गरोदर मातांचे आश्रयदाते. १९ मार्चला संत योसेफ. त्या दिवशी स्वयंपाक वडिलांकडे. २५ मार्च पवित्र सप्ताहात किंवा ईस्टरच्या अष्टकात आला तर तो सण ईस्टरच्या दुसऱ्या रविवारानंतरच्या सोमवारी जातो, हे आधी पाहून घ्या.

प्रत्येक सणाचा साचा तोच: बायबलमधल्या पाच-दहा ओव्या, एक प्रश्न, एक आवडीचा पदार्थ, एक चित्र. वीस मिनिटांत उरका. लहान मुलं त्याआधीच उठून गेली तर जाऊ द्या.

स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) जन्माआधीच बोलून ठेवा

चर्चच्या कायदेसंहितेतला नियम ८६७ सांगतो, की बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा आणि पालकांनी धर्मगुरूंना शक्य तितक्या लवकर, अगदी जन्माआधीही, भेटावं. सातव्या महिन्यात भेटा. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे धर्मपिता किंवा धर्ममाता, यांपैकी एक पुरे. दोघं हवे असतील तर एक पुरुष, एक स्त्री. वय साधारणपणे १६ पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं, आणि बाळाचे आई-वडील नव्हेत. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या धर्मग्रामाचं (त्यांच्या चर्चचं) पत्र मागतात आणि ते वेळेवर मिळत नाही, म्हणून ते आधी मागवा. प्रायश्चित्तकाळात बाप्तिस्म्याला बंदी नसली, तरी काही चर्च ईस्टरपर्यंत थांबायला सांगतात. तारीख ठरली की कॅलेंडरवर लिहा; ती पट्ट्यात पडली तरी चालेल, फक्त जेवणावळ पट्ट्याबाहेर ठेवा.

पट्टा संपल्यावर

राहिलेले सण भरून काढू नका. ज्या दिवशी पेन्सिलीचा रंग संपतो, त्या दिवसाचं कापड पाहा आणि पुढचा सण उचला. अभ्यासाचंही तसंच: पहिल्या आठवड्यात मोठ्या मुलाने रोजचं शुभवर्तमान मोठ्याने वाचावं आणि त्यातली एक ओवी वहीत उतरवावी. वाचन झालं, शुद्धलेखन झालं. गणित दुसऱ्या आठवड्यापासून.