प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी गावात सेवा उभी करताना: टप्पे आखण्यातल्या या चुका टाळा

विशेष शाळेतून अठराव्या वर्षी नाव कमी झालं की पुढची तीस-चाळीस वर्षं बहुतेक घरांत एकट्या आईच्या अंगावर येतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम असलेल्या या मोठ्या माणसांसाठी विदर्भातल्या खेड्यांत एखादी संस्था, पालक संघ किंवा ग्रामपंचायत काही करायला पुढे येते, तेव्हा इच्छा भरपूर असते. आखणी मात्र तारखांवर बांधलेली असते. तारीख आली म्हणून दुसरा टप्पा सुरू होतो, तोवर पहिला गळायला लागलेला असतो. या माणसांच्या बाबतीत सुरू करून बंद पाडलेली सेवा ही न मिळालेल्या सेवेपेक्षा वाईट. बसलेली घडी मोडली की जेवण, झोप, शौच सगळं बिघडतं आणि पुढच्या वेळी आई दारही उघडत नाही.

भर दुपारी सर्वेक्षण

दुपारी बारा वाजता गेलात तर दाराला कुलूप असतं किंवा घरात फक्त म्हातारी भेटते. बाकी सगळे वावरात. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जा. "घरात कोणी अपंग आहे का?" असं अंगणातून विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, त्यातही घरात लग्नाची पोरगी असेल तर हमखास. त्याऐवजी "आंघोळीला, जेवायला, बाहेर जायला कोणाला सोबत लागते का?" असं विचारा. म्हाताऱ्यांचीही नावं येतील, ती नंतर वेगळी करता येतात.

मग चार याद्या शेजारी शेजारी ठेवा: आशाताईंची, संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची, यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) असलेल्यांची आणि तालुक्यातल्या विशेष शाळेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिलेल्या दाखल्यांची. एकाच यादीत असलेलं नाव दिसलं की त्या घरी आधी जा. कधीच शाळेत न गेलेल्या, चाळिशीपुढच्या बाया बहुधा चारही याद्यांत नसतात. त्यांचा पत्ता शेजारणीकडून किंवा बचत गटाच्या बैठकीत लागतो.

टक्केवारी पाहून क्रम लावणं

ही सर्वांत महाग पडणारी चूक. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातली किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लाभासाठी आहे. सेवा आधी कोणाला, हे तिच्यावरून ठरत नाही. 80 टक्क्यांचा वीस वर्षांचा मुलगा, घरात धडधाकट आई-बाप आणि काकू. आणि 50 टक्क्यांचा पंचेचाळीस वर्षांचा माणूस, घरात मोतीबिंदू झालेली बहात्तर वर्षांची एकटी आई. पहिली गरज दुसऱ्याची आहे.

यादीला तीन रकाने जोडा: सांभाळणाऱ्याचं वय, घरात दुसरं सांभाळू शकणारं माणूस आहे का, आणि दिवसातले किती तास ही व्यक्ती एकटी किंवा कडी लावून राहते. क्रम या तीन रकान्यांवरून लावा. कुठे खाटेला दोर बांधलेला दिसला तर आधी कारण विचारा. उघडी विहीर, रस्त्यावरची वाहनं, घरातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, अशी खरी भीती त्यामागे असते. बाटल्यांना कुलूपबंद पेटी आणि विहिरीला जाळी, एवढ्याने काही घरांतला दोर पहिल्याच महिन्यात सुटतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. पेटी आणि जाळीसाठी ग्रामसभेत ठराव करून तो मागा.

पहिल्या टप्प्यात 8 ते 10 माणसं घ्या, तीही एकाच रस्त्यावरच्या तीन-चार गावांतली.

आर्थिक वर्ष धरून चालणं

एप्रिलमध्ये मंजुरी आली म्हणून एप्रिलमध्ये उद्घाटन, हे विदर्भात टिकत नाही. पारा 45 अंशांपर्यंत जातो, गडचिरोली-गोंदियाकडे आणि मेळघाटात घरं मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या मागे असतात. जूनमध्ये पेरणी, जुलैत नाल्याला पूर, गाडी अलीकडेच उभी.

चालणारं वेळापत्रक असं: कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये यादी आणि घरभेटी. एप्रिल-मेमध्ये कागदपत्रं आणि कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, तेही सकाळी साडेदहाच्या आत. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा घरी जाऊन शिकवणं. पोळा झाला की दिवसकेंद्राला, म्हणजे दिवसभर सांभाळायच्या आणि काम शिकवायच्या जागेला, सुरुवात. सोयाबीनच्या सवंगणीला (कापणीला) गाव रिकामं होईल तेव्हा केंद्र चालू स्थितीत हवं, कारण माणूस सर्वांत जास्त तास एकटा राहतो तो त्याच दिवसांत.

खोलीला पैसे, गाडीला नाही

समाजमंदिराची खोली फुकट मिळते, म्हणून खर्च संपला असं वाटतं. एका फेरीला 35 किलोमीटर धरा, सकाळ-संध्याकाळ मिळून 70. महिन्याचे 22 दिवस म्हणजे 1540 किलोमीटर, आणि लिटरला 15 किलोमीटरच्या हिशेबाने साधारण 103 लिटर इंधन. चालक आणि दुरुस्ती वेगळी. हा आकडा पहिल्या पानावर लिहा. बसल्यापासून उतरेपर्यंत कोणाचेही 45 मिनिटांपेक्षा जास्त जात असतील तर गाव कमी करा. जास्त वेळ लागला की गाडीत कपडे ओले होतात, भांडणं होतात आणि माणूस केंद्रावर थकूनच पोहोचतो.

काळीपिवळीच्या भरवशावर राहू नका, ती बाजाराच्या दिवशी खच्चून भरते. एसटीत 40 टक्क्यांवरच्या दिव्यांगाला भाड्यात 75 टक्के, आणि 65 टक्क्यांवर असल्यास सोबत्याला 50 टक्के सवलत आहे. तिचा उपयोग करा, पण शाळांच्या सुट्टीत खेड्यातल्या फेऱ्या कमी होतात हे धरून.

पहिल्या दिवशी दहाही जण

उद्घाटनाला पाहुणे, हार, माईक आणि दहा नवी माणसं. दुसऱ्या दिवशी चारच येतात. आठवड्याला दोघंच घ्या, पाच आठवड्यांत दहा होतात.

स्वमग्नता असलेला तिशीतला माणूस उंबरठ्यावर थांबतो. आत कुकरची शिट्टी होते, दोन्ही हात कानांवर जातात, आणि तो उलट्या पावली गाडीकडे निघतो. याला "त्याला आवडलं नाही" म्हणून सोडून देतात. करायचं असं: स्वयंपाक त्याच्या येण्याआधी उरकायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, आई शेजारी, घरचं ताट आणि घरची सतरंजी सोबत. दुसऱ्या दिवशी चहापर्यंत. तिसऱ्या दिवशी आई बाहेर निंबाखाली बसेल, पण त्याला दिसेल अशी. चौथ्या दिवशी आई "जाऊन येते" म्हणून निघेल आणि सांगितलेल्या वेळेला परत येईल. गुपचूप सटकायचं नाही. एकदा फसला की तो महिनाभर हात सोडत नाही. बिनसलं तर एकच पायरी मागे या, पहिल्यापासून सुरू करू नका.

भिंतीवर दिवसाचा चित्रतक्ता लावा: चप्पल, हातपाय धुणं, काम, जेवण, आराम, गाडी. सहा चित्रं पुरेत. झालेलं चित्र त्याने स्वतः उलटं करायचं.

दुखण्याला "वागणूक" म्हणणं

एखादा अचानक स्वतःच्या गालावर मारायला लागला, जेवण ढकलायला लागला, तर "हट्टी आहे" म्हणून लिहून मोकळं होऊ नका. आधी दात, कान, पोट पाहा. बद्धकोष्ठता फार वेळा नजरेतून सुटते. घरी उकिडवं बसायची सवय, केंद्रात कमोड. माणूस दिवसभर रोखून धरतो आणि चौथ्या दिवशी चावतो. भारतीय बैठकीचा संडास, धरायला आडवा दांडा आणि शौचाची रोजची नोंद, इतकं केलं तरी बरंच शमतं. तरीही राहिलं तर आठवडाभर तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. कारण बहुतेकदा पहिल्या किंवा तिसऱ्या रकान्यात सापडतं.

डाऊन सिंड्रोम असलेलं माणूस सुस्तावलं तर थायरॉइड तपासा, आणि ही तपासणी दरवर्षी करा. चाळिशीनंतर शिकलेलं विसरायला लागलं तर तो आळस समजू नका. यांना स्मृतिभ्रंश लवकर येऊ शकतो.

मिरगीच्या गोळ्या संपणं

बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाच माणसांत एकाला मिरगीही असते. पुरात रस्ता बंद, गोळ्या संपल्या, आणि तीन दिवसांनी एकामागून एक झटके, हा प्रसंग आखणीतूनच टाळता येतो. प्रत्येकाच्या घरी 15 दिवसांच्या गोळ्या शिल्लक ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजणी करा. गोळी अचानक बंद करणं धोक्याचं आहे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवं.

झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कपडा द्या, घड्याळ पाहा. तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, उपयोग शून्य. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा शुद्ध न येता दुसरा आला तर 108 ला फोन करा. मानसिक आजारावरची काही औषधं आणि टोपिरामेटसारखी मिरगीची गोळी घाम कमी करतात. अशा माणसाला एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार बाहेर काढू नका.

कागद शेवटी, आणि पालकत्व सगळ्यांना

कागदांचं काम पहिल्या टप्प्यातच घ्या. अडतं ते छोट्या गोष्टींवर: आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, पंधराव्या वर्षी करायचं बोटांच्या ठशांचं नूतनीकरण राहिलेलं, बँक खातं आधारशी न जोडलेलं. क्रम ठेवा: आधार, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, बँक खातं, संजय गांधी योजना, मग निरामय आरोग्य विमा. निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि बाह्यरुग्ण तपासणी, थेरपी यांनाही चालते. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याच्या चार महिने आधीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टाका. मुदत संपली की अनुदान अडकतं.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. पण केंद्रात प्रवेशासाठी सरसकट पालकत्वपत्र मागणं चुकीचं आहे. ज्याला थोड्या मदतीने स्वतःचं खातं चालवता येतं, त्याचा अधिकार काढून घेऊ नका. जिथे शेती, वारसा किंवा शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे तिथे पालक नेमून घ्या, आणि पालकाला सांगा की नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. बाप वारला की सातबाऱ्यावर वारसनोंद होते का, "हक्कसोड" म्हणून अंगठा तर घेतला नाही ना, याकडे लक्ष ठेवा. भोळ्या भावाची दोन एकरं अशीच जातात.

शहरातून एकच तज्ज्ञ

जिल्ह्याहून रोज येणारे विशेष शिक्षक पावसाळ्यात थकतात. त्यांच्याकडून आठवड्यातून दोन दिवस आराखडा आणि देखरेख घ्या. रोजचं काम गावातल्या, दहावी-बारावी झालेल्या माणसांना शिकवून द्या. चार जणांमागे एक कार्यकर्ता, जेवण आणि संडासाच्या वेळी एक जास्त. पुरुषांच्या आंघोळ-संडासाला पुरुष, बायांच्या कामाला बाई, यात तडजोड नाही. दोन कार्यकर्ते नेहमी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात हवेत. दर तीन कार्यकर्त्यांमागे एक बदली माणूस तयार ठेवा, कारण लग्नसराईत दोघी एकदम सुट्टीवर जातात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्याला आडवं ठेवून भरवू नका. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, भाकर वरणात पूर्ण भिजवून, चमचा अर्धाच. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

कामाबद्दल थोडक्यात: मेणबत्त्या-अगरबत्त्या गावात खपत नाहीत. डाळ निवडणं, पळसाच्या पत्रावळी, कोंबड्या-बकऱ्या, वरूड-मोर्शीकडे संत्र्यांची प्रतवारी, यांना गिऱ्हाईक आहे. फवारणीचं काम अजिबात नको. आणि मजुरी त्याच्या हातात द्या, रक्कम लहान असली तरी.

निवासाची घाई

"आम्ही गेल्यावर याचं कसं?" हा प्रश्न ऐकला की थेट वसतिगृह बांधावंसं वाटतं. आधी एक रात्र, मग महिन्याला दोन रात्री, मग आई आजारी असताना आठवडा, असं चढत जा. दिवसकेंद्राचे तीन महिने सलग हे जमलं असेल तरच रात्रीचं सुरू करा: गळती एकापेक्षा जास्त नाही, एकही गोळी चुकलेली नाही, पगार दर महिन्याला वेळेवर झाले, आणि तीन महिन्यांचा खर्च बँकेत शिल्लक आहे. यातली एक गोष्ट जरी नसली तरी थांबा. सुरू कराल तेव्हा आई सत्तरीच्या पुढे असलेल्या घरांना मात्र आधी घ्या.

बंद करायची वेळ आली तर

निधी आटतो. तेव्हा दारावर कुलूप आणि सूचना, असं करू नका. तीन महिने आधी घरी जाऊन सांगा, आठवड्यातले दिवस पाचावरून तीनावर, मग एकावर आणा, आणि कार्यकर्ती केंद्राऐवजी घरी जायला लागेल असं पाहा. प्रत्येकाच्या घरी एक पान ठेवा, दाराच्या आतल्या बाजूला टाचून: गोळ्यांची नावं आणि वेळा, झटका कसा दिसतो, "पाणी" म्हणायला तो कोणता आवाज काढतो, कशाला घाबरतो, कोणत्या हाताने जेवतो, झोपताना अंगावर काय लागतं. उद्या चुलतभावाच्या घरी जायची वेळ आली तर हे पान सोबत गेलं पाहिजे.