लग्नाचे फोटो प्रिंटला टाकताना पावती सोबत ठेवा

आखाजीला ताई माहेरी येणार म्हणून तिच्या लग्नाचे फोटो जळगावात मोठे करायला नेले तर लॅबवाला म्हणे, फोटोग्राफरचं नाव दिसतंय, तुमचे कशावरून? त्याचं विचारणं बरोबरच होतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणाराच, वेगळा करार नसेल तर, म्हणून बुकिंगची पावती जपा नाहीतर फोटोग्राफरकडून दोन ओळी लिहून सही घ्या. आपण मोबाइलवर काढलेल्यांची ओरिजिनल फाइलच न्या भाऊ, तिच्यात तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल असतं, व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते उडतं अन् क्वालिटीपण जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.