हिमनदीसाठी एक दिवस राखून ठेवा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही पाचजण दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. नरकचतुर्दशीचे पोहे खाऊन गोव्यातल्या डिचोलीहून निघालो. परतल्यापासून ओळखीपाळखीचे सगळे विचारतात, कारनेच का नाही फिरलात, आगगाडी कशाला मध्ये? म्हणून हे सविस्तर लिहिते.

क्राइस्टचर्चहून सकाळी ट्रान्झअल्पाईन नावाची आगगाडी सुटते आणि 223 किलोमीटर कापून दुपारी एकच्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रेमथला पोचते. डोंगर ओलांडायचं काम आगगाडीवर सोपवा. कारने गेलात तर चालवणाऱ्याला रस्त्याशिवाय काही दिसत नाही. माझा नवरा आजवरच्या प्रत्येक सहलीत घाटाकडे पाठ करून बसला आहे, या खेपेला पहिल्यांदा तो खिडकीत बसला. एक डबा बिनकाचेचा, उघडा असतो. वायमाकारिरी नदीची दरी आली की जागा सोडून तिथे जा. कानटोप्या हाताशी ठेवा, वारा बोचरा असतो. सासूबाई दोन्ही हातांनी दांडा धरून उभ्या राहिल्या त्या दरी संपेपर्यंत. मी आत चला म्हटलं तर म्हणाल्या, "दूधसागर खिडकीतून क्षणात जातो गो, इथं पोटभर बघू दे."

आर्थर्स पास स्टेशननंतर ओटिराचा बोगदा लागतो, साडेआठ किलोमीटरचा, 1923 साली सुरू झालेला. त्याचा उतार 33 फुटांना 1 फूट. आपला कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेचा ब्रागांझा घाट 37 ला 1, म्हणजे हा त्याहूनही खडा. मुरगाव बंदरातला कोळसा वर न्यायला आपल्याकडे जादा इंजिनं लावतात, तशीच तिथेही पश्चिमेचा कोळसा वर चढवायला लावतात. मुलांना हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बोगदा त्यांना कंटाळवाणा झाला नाही. बोगद्यात उघडा डबा बंद करतात, तेव्हा जागेवर येऊन बसा.

भाड्याची कार ग्रेमथ स्टेशनवरच ताब्यात घ्या. वाहनं डाव्या बाजूनेच चालतात, तेवढी आपली सोय. आपलं लायसन्स इंग्रजीत असलं तरी वाहतूक खात्याकडून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. सात वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट सक्तीची आहे, ती कारबरोबरच मागवा. कार दुसऱ्या गावी सोडायची असेल तर त्याचे किती पडतात ते आधी विचारा. एकेरी पुलांवर मात्र डोळ्यांत तेल घाला: फलकावर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

पहिल्याच दिवशी दक्षिणेला धावू नका. उत्तरेला पंचेचाळीस किलोमीटरवर पुनाकाइकी आहे. तिथले चुनखडीचे कडे ताटात एकावर एक घावन रचावेत तसे थरांचे आहेत आणि खालच्या भोकांतून समुद्र वर उसळतो. पण भरती असेल तरच. वेळापत्रक बघून जा, ओहोटीला नुसते दगड.

आता हिमनदी. तिचं गाव फ्रान्झ जोसेफ, ग्रेमथपासून दक्षिणेला पावणेदोनशे किलोमीटर. समुद्रावरून येणारे ढग इथल्या दक्षिण आल्प्स डोंगरांना अडतात, वर बेसुमार बर्फ पडतं आणि ते इतकं खाली उतरतं की हिरव्यागार रानालाच येऊन भिडतं. इथले मूळ रहिवासी माओरी लोक तिला हिनेहुकातेरेचे अश्रू म्हणतात: हिमप्रपातात हिनेहुकातेरेचा प्रियकर गेला, ती रडली आणि आसवं गोठली. हिमनदी आता बरीच मागे सरकली आहे. बर्फावर पायी चढून जाता येत नाही, हेलिकॉप्टरनेच उतरावं लागतं. आणि ज्या ढगांनी हे बर्फ आणलं, तेच हेलिकॉप्टर अडवतात. आमचं पहिल्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं. मुलगी रडवेली झाली, पण मी तिथे दोन रात्री ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ढग फाटले. बर्फ पांढरं असेल असं वाटत होतं. भेगेत वाकून बघितलं तर आतून निळं, पाटीवरच्या जुन्या निळ्या खडूसारखं. धाकट्याने हातमोजा काढून बोट लावलं आणि बराच वेळ ते बोट मुठीत धरून बसला.

कार्यक्रम आखताना बाकी कुठलाही दिवस कापा, हा नाही. वाटेतल्या होकिटिका गावाला वर्षाचा पाऊस साधारण पणजीइतकाच पडतो, हिमनदीच्या गावात त्याहून बराच जास्त. फरक इतकाच की तो चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने येतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगले रेनकोट घ्या.

एक गोष्ट घर सोडण्यापूर्वीच करायची. बूट. विमानतळावर मातीची कसून तपासणी होते आणि आपल्या बुटांच्या खाचांत लाल माती बसलेली असतेच. मी जुन्या टूथब्रशने पाच जोड घासले, तरी नवऱ्याच्या टाचेखालचा लाल डाग अधिकाऱ्याने बोटाने दाखवला आणि स्वतः धुऊन आणून दिला. मी फॉर्मवर बूट लिहिले होते म्हणून तेवढ्यावर निभावलं. खाण्याची प्रत्येक वस्तूही लिहा, मसाल्याची पुडीसुद्धा. लपवलं तर 400 न्यूझीलंड डॉलर दंड जागच्या जागी. मध नेऊच नका.

फ्रान्झ जोसेफच्या पुढे फॉक्स ग्लेशियर गावाला कारची टाकी भरून घ्या. तिथून हास्ट गावापर्यंत सुमारे 120 किलोमीटर, फोनला रेंज बहुतेक नाहीच. वाटेत ब्रूस बे इथे रस्ता थेट समुद्राला लागतो. उतरा, पण पूर्ण विजार घालून. सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या घोट्यांना चावतात आणि खाज चार दिवस जात नाही. सासूबाईंनी तरी पाय पाण्यात घातलेच, आणि पांढरा गुळगुळीत गोटा उचलून मला दाखवून परत होता तिथेच ठेवला.