तार कंपाउंडचे खड्डे मशीनने घेताना

सोलापूरकडच्या बऱ्याच रानांत वर काळी माती आणि खाली मुरूम लागतो. पेट्रोलवर चालणारं खड्ड्याचं मशीन, म्हणजे ऑगर, काळ्या मातीत लोण्यासारखं उतरतं. धोका मुरमातल्या दगडाशी आहे. पातं दगडात अडकलं की इंजिन उलट्या बाजूला फिरू पाहतं आणि मूठ मनगटाला, बरगडीला जोरात हिसका देते. म्हणून पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून उभं राहा, मूठ अंगाजवळ धरा. रेस एकदम वाढवू नका. आपला भार टाकून पातं दाबायचं तर मुळीच नाही.

दर वीतभर खोलीला पातं वर घ्या, माती बाहेर पडू द्या. आवाज बदलला, खडखड लागली, की रेस सोडा आणि पहारीने दगड हलवून पाहा. पातं रुतलंच तर आधी इंजिन बंद, मग पान्ह्याने उलटं फिरवून मोकळं करा. चालू मशीन हिसके देऊन उपसणं म्हणजे हात मोडून घेणं.

गळ्यातला टॉवेल, उपरणं, साडीचा पदर पात्याजवळ नको. हे मी हात जोडून सांगतो. बूट घाला, डोळ्यांना चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. रेस न देताही पातं फिरत असेल तर मशीन परत करा, क्लच बिघडलेला असू शकतो.

आणि खुणा करण्याआधी मोटारीची केबल, पाइपलाइन कुठून गेलीय ते घरच्या जुन्या माणसाला विचारा.